टाकी भरली की गाडी परकी का होते: इंधनाच्या वजनाने बिघडणारा बॅलन्स शोधणं आणि सावरणं

तक्रार जवळजवळ नेहमी याच शब्दांत येते. सरावात टाकीत थोडंसं पेट्रोल असताना गाडी हवी तशी वळत होती. शर्यतीसाठी टाकी भरली आणि सुरुवातीच्या फेऱ्यांत तीच गाडी परकी वाटली. मग टाकी रिकामी होत गेली तशी ती पुन्हा ओळखीची झाली, तोवर पुढचे चार जण निघून गेले होते. पुढच्या शर्यतीआधी अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारी दांडी) एक भोक सैल केला जातो, त्यापुढच्या वेळी पुन्हा कडक केला जातो, आणि दुखणं जागच्या जागी राहतं.

गोंधळ वाढतो तो ड्रायव्हरच्या वर्णनामुळे. एकाच फेरीबद्दल तो म्हणतो, ‘पुढून ढकलते’, म्हणजे नाक हवं तेवढं वळत नाही, आणि दोन वाक्यांनी म्हणतो, ‘मागून सुटते’, म्हणजे शेपूट बाहेर जाते. पिटमधले लोक एकमेकांकडे बघतात. पण तो बहुतेक वेळा दोन्ही बाबतींत खरं बोलत असतो. भरलेली टाकी गाडीवर एकच परिणाम करत नाही. ती पुढच्या-मागच्या ॲक्सलमधली वजनाची वाटणी बदलते, गाडी खाली बसवते, सस्पेन्शनची उरलेली चाल खाते, आणि अर्धी झाली की आतल्या आत हिंदकळते. यातले काही परिणाम एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. म्हणून ‘फुल टँक बॅलन्स’ नावाची एकच गोष्ट दुरुस्त करायला निघालात तर हाती काही लागत नाही. यातलं नेमकं कोण त्रास देतंय ते आधी वेगळं काढावं लागतं.

टाकी कुठे आहे, यावर निम्मं उत्तर ठरतं

पेट्रोलचा एक लिटर साधारण पाऊण किलो भरतो. ८० लिटर म्हणजे ६० किलो. हे ६० किलो कुठे ठेवलेत यावरून दोन गाड्यांचं नशीब पूर्ण वेगळं होतं. हिशेब करून बघू.

पहिली गाडी सिंगल सीटर. ड्रायव्हरसह पण इंधनाशिवाय ७०० किलो, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) अडीच मीटर, वाटणी पुढे ४५ टक्के, मागे ५५. टाकी ड्रायव्हरच्या पाठीमागे, इंजिनाच्या पुढे, म्हणजे पुढच्या ॲक्सलपासून १.६ मीटरवर. ६० किलो भरल्यावर मागचा वाटा होतो ५५.७ टक्के. पाऊण टक्कासुद्धा फरक नाही.

दुसरी गाडी रस्त्यावरच्या सेडानवरून बनवलेली. हजार किलो, पुढे ५८, मागे ४२, व्हीलबेस तोच. टाकी डिकीत, मागच्या ॲक्सलच्याही २५ सेंटिमीटर मागे. आता तेच ६० किलो मागच्या चाकांवर ६६ किलो होऊन बसतात आणि पुढच्या चाकांवरचे ६ किलो उचलतात. मागचा वाटा ४२ वरून ४५.८ टक्क्यांवर जातो. जवळजवळ चार टक्क्यांचा हा बदल आहे. एवढा बदल मुद्दाम करायचा तर कित्येक किलो शिसं हलवावं लागलं असतं.

पहिल्या प्रकारच्या गाडीत कोणी टाकीमुळे वजनाची वाटणी बिघडल्याची तक्रार केली तर मी आधी शंका घेतो. तिथे गुन्हेगार बहुधा उंची असते. दुसऱ्या प्रकारात वाटणी हाच पहिला संशयित.

हे शहाणपण काही आजचं नाही. १९३० च्या दशकातल्या ऑटो युनियन ग्रां प्री गाड्यांत टाकी ड्रायव्हर आणि इंजिन यांच्या मधोमध होती, त्यामुळे इंधन जळलं तरी पुढचं-मागचं प्रमाण फारसं हलत नसे. १९५४ च्या लान्चिया डी ५० मध्ये व्हित्तोरियो यानोने इंधन दोन्ही बाजूंना, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या जागेत पेट्यांमध्ये भरलं. त्या काळात बहुतेक गाड्यांची टाकी शेपटीत असायची आणि ड्रायव्हरला शर्यतभर बदलत जाणारी गाडी सांभाळावी लागायची. पोर्शे ९११ चं प्रकरण उलटं: इंजिन मागे, टाकी पुढे. तिथे इंधन संपत जातं तसा मागच्या चाकांवरचा वाटा वाढत जातो, म्हणून सेडानसाठी लिहिलेला सल्ला तिला जसाच्या तसा लावू नका.

‘ढकलते’ आणि ‘सुटते’ एकाच वेळी कसं?

टायरवर भार वाढवला की त्याची पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. थोडी मागे पडते. मागच्या ॲक्सलवर वजन वाढलं की वळणात त्या वजनाला धरून ठेवायला लागणारं बळ पूर्ण प्रमाणात वाढतं, टायरची पकड मात्र त्याहून कमी वाढते. म्हणून मागे टाकी असलेली गाडी भरल्यावर स्थिर, लांब वळणात ओव्हरस्टिअरकडे, म्हणजे शेपूट सुटण्याकडे, झुकते. हे झालं पुस्तकातलं.

पण वळणात शिरताना गोष्ट वेगळी असते. ॲक्सलच्या मागे टांगलेले ६० किलो गाडीच्या गुरुत्वमध्यापासून दीड मीटरहून जास्त लांब असतात. गाडीला स्वतःभोवती फिरवायला जो जोर लागतो, तो हजार किलोच्या गाडीत यामुळे साधारण दहा टक्क्यांनी वाढू शकतो. त्यामुळे स्टिअरिंग फिरवल्यावर नाक उशिरा वळतं. ड्रायव्हरला हे अंडरस्टिअर, म्हणजे नाकाचं ढकलणं, वाटतं, तो अजून थोडं स्टिअरिंग देतो. मग शेपूट एकदा फिरायला लागली की थांबायलाही तयार नसते, आणि ते वाटतं ओव्हरस्टिअर. वळणातून बाहेर पडताना, गाडी मागच्या चाकांवर चालणारी असेल तर, त्याच वजनामुळे पकड छान मिळते, ॲक्सिलरेटर दिला की नाक बाहेर जातं. तीन टप्पे, तीन तक्रारी, कारण एकच. सिंगल सीटरमध्ये हा भाग जवळजवळ शून्य असतो, कारण तिथे टाकी गुरुत्वमध्याच्या शेजारीच असते.

म्हणून ड्रायव्हरला ‘गाडी कशी आहे?’ असं मोघम विचारू नका. कोणत्या वळणात, ब्रेक सोडताना की मध्यावर की बाहेर पडताना, आणि वळण मंद होतं की वेगवान, एवढं विचारा. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे, कारण मंद आणि वेगवान वळणांतल्या तक्रारी वेगळ्या असतील तर वजनाचा आणि हवेचा परिणाम तिथेच वेगळा होतो.

उंची: विंग असलेल्या गाडीचं खरं दुखणं

वरच्या सेडानमध्ये मागे प्रत्येक चाकाशी स्प्रिंगचा दर ५० न्यूटन प्रति मिलिमीटर धरला, तर ६६ किलोने मागची बाजू साडेसहा मिलिमीटर खाली बसते. पुढची बाजू अर्धा-पाऊण मिलिमीटर वर येते. ऐकायला किरकोळ, पण गाडी मागे झुकली म्हणजे रेक, म्हणजे मागची बाजू उंच ठेवून दिलेला पुढचा कल, कमी झाला. विंग, स्प्लिटर आणि डिफ्यूझर (हवेच्या जोरावर गाडी खाली दाबणारे भाग) असलेल्या बहुतेक गाड्यांत रेक कमी झाला की हवेच्या दाबाचा तोल मागे सरकतो. परिणाम: वेगवान वळणात गाडी पुढून ढकलते. इंधन जळतं तशी मागची बाजू वर येते, पुढचा दाब वाढतो, आणि शर्यतीच्या शेवटी तेच वेगवान वळण अंगावर येतं.

आता दोन्ही एकत्र ठेवा. मागे टाकी, वर विंग, टाकी भरलेली: मंद वळणात शेपूट सैल, वेगवान वळणात नाक सैल. हे चित्र दिसलं तर अँटी-रोल बारला हात लावू नका. बार दोन्ही वळणांत एकाच दिशेला काम करतो. एक बरं होईल, दुसरं चिघळेल. इथे इलाज उंचीचा आहे.

सिंगल सीटरमध्ये स्प्रिंग कडक असतात आणि वजन दोन्ही ॲक्सलवर वाटलं जातं, म्हणून बसणं एक-दोन मिलिमीटरचंच असतं. पण तिथला फ्लोअर एवढ्यालाही दाद देतो. गाडी खाली आल्याने काही मर्यादेपर्यंत दाब वाढतो, मर्यादा ओलांडली की तळ घासतो आणि दाब अचानक जातो. फॉर्म्युला वनच्या नियमात तळाची फळी नवी असताना १० मिलिमीटर जाड असते आणि ९ च्या खाली झिजलेली चालत नाही. उंची ठरवताना भरलेल्या टाकीच्या फेऱ्या धराव्या लागतात, कारण गाडी सर्वांत खाली तेव्हाच असते. पात्रता फेरीत, रिकाम्या टाकीने ती त्यामुळे हवी त्यापेक्षा उंच राहते. २०१० मध्ये शर्यतीत इंधन भरणं बंद झालं आणि मोठ्या टाक्या आल्या, तेव्हा हा पेच इतका बोचला की पात्रता फेरी आणि शर्यत यांच्या मध्ये कोणी गुपचूप उंची बदलतंय का, यावरून वर्षाच्या सुरुवातीला बराच संशयकल्लोळ झाला होता. २०१९ मध्ये तिथे शर्यतीसाठी इंधनाची मर्यादा जास्तीत जास्त ११० किलो करण्यात आली. गाडीच्या तेव्हाच्या किमान वजनाच्या तुलनेत हा सुमारे सातवा हिस्सा होतो.

बंप रबर: सगळ्यात जास्त वेळा सापडणारा, सगळ्यात कमी वेळा शोधला जाणारा

हा भाग सावकाश वाचा. ‘टाकी भरल्यावर मागून एकदम सुटते’ या तक्रारीत ‘एकदम’ हा शब्द असेल तर मी सर्वांत आधी इथे बघतो.

रिकाम्या टाकीने उभी असताना डॅम्परच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) दांडीवर बंप रबरला, म्हणजे चाल संपताना टेकणाऱ्या रबरी थांब्याला, टेकायला समजा १२ मिलिमीटर अंतर आहे. टाकी भरल्यावर चाकाशी साडेसहा मिलिमीटर गेले. डॅम्परशी, मोशन रेशो (चाकाच्या हालचालीपैकी डॅम्परपर्यंत पोहोचणारा हिस्सा) ०.८ धरला तर, पाच. उरले सात. आता वळणात गाडी कलते तेव्हा बाहेरचं मागचं चाक हे सात मिलिमीटर सहज संपवतं आणि रबरवर बसतं. त्या क्षणी मागच्या बाजूचा कडकपणा कित्येक पटींनी वाढतो, भार झपकन बाहेरच्या टायरवर जातो आणि तो टायर सुटतो. स्प्रिंग, बार, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) सगळं बरोबर असूनही. रिकाम्या टाकीने तेच चाक रबरपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून सरावात हे कधी दिसत नाही.

ओळखायची खूण अशी: इंधनाच्या वजनाचा परिणाम हळूहळू ओसरतो, प्रत्येक फेरीला थोडाथोडा. रबरचा परिणाम मात्र एखाद्या फेरीपासून अचानक नाहीसा होतो. ड्रायव्हर म्हणाला, ‘आठव्या-नवव्या फेरीपर्यंत वाईट होती, मग जादूने बरी झाली’, तर ती जादू म्हणजे रबर आणि दांडी यांच्यात परत आलेलं अंतर.

तपासणी स्वस्त आहे. दांडीवर रबरी रिंग किंवा पातळ झिप टाय लावा, भरलेल्या टाकीने दोन-तीन फेऱ्या मारून आणा, रिंग कुठवर सरकली ते बघा. खड्डा किंवा कर्बवरून (वळणाच्या कडेच्या उंचवट्यावरून) गेल्यानेही ती सरकते, हे लक्षात ठेवून तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ड्रायव्हरला त्या फेऱ्यांत कर्ब टाळायला सांगा. डॅम्परवर पोटेन्शिओमीटर (चाल मोजणारा सेन्सर) आणि डेटा लॉगर असेल तर प्रश्नच मिटला, आलेख ठरावीक उंचीवर कापल्यासारखा सपाट दिसतो.

इलाजही सोपा: रबर थोडं कापणं, पॅकर (रबराला लावलेली भर घालणारी चकती) काढणं, किंवा मागची स्प्रिंग सीट दोन्ही बाजूंना सारखी वर घेणं. सीट वर घेताना डावी-उजवी समान फिरवा, नाहीतर एक दुखणं बरं करताना कॉर्नर वेटचं (चार चाकांवरच्या वजनाच्या वाटणीचं) दुसरं ओढवून घ्याल. ज्या गाड्यांत रबर मुद्दामच स्प्रिंगसारखं वापरलं आहे, म्हणजे ते सरळ रस्त्यावर दाबाखाली गाडी उंच धरायला बसवलं आहे, तिथे कात्री चालवण्याआधी गाडी बनवणाऱ्याची सेटअप पुस्तिका वाचा.

हिंदकळणं

उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण टाकीलाही लागू आहे. भरलेल्या टाकीत पेट्रोलला हलायला जागा नसते, जवळजवळ रिकाम्या टाकीत हलायला पेट्रोल नसतं. त्रास मधल्या पातळीवर. ६० सेंटिमीटर रुंद टाकीत १५ सेंटिमीटर पातळी असेल आणि आत काहीच अडथळा नसेल, तर ते साधारण सेकंदाला एक वेळ या गतीने डावीकडून उजवीकडे झुलतं. शिकेनमध्ये (लागोपाठच्या डाव्या-उजव्या वळणांत) ड्रायव्हरचे हात नेमके त्याच गतीने फिरत असतात. गाडी पहिल्या वळणात बसते, दुसऱ्याकडे वळताना अर्ध्या सेकंदाने मागून एक धक्का येतो. दर वेळी तिथेच, आणि शर्यतीच्या मधल्या भागात सर्वांत जास्त.

हे सेटअपने बरं होत नाही. टाकीतला फोम आणि आडव्या पट्ट्या बघा. फोम जुना झाला की चुरा होतो, आकसतो, आणि तो चुरा फिल्टरमध्ये जाऊन बसतो, म्हणून हिंदकळण्यासोबत लांब वळणाच्या शेवटी इंजिन क्षणभर अडखळत असेल तर फोमवरचा संशय पक्का. एफआयए (मोटरस्पोर्टची जागतिक संस्था) प्रमाणित रबरी टाकीच्या पिशवीला तयार झाल्यापासून पाच वर्षांचं आयुष्य असतं, उत्पादकाने तपासून दिली तर आणखी दोन. तारीख टाकीवर छापलेली असते. ती वाचायला मिनिट लागत नाही, तरी वर्षानुवर्षं कोणी वाचत नाही.

ब्रेक

थोडक्यात सांगतो, कारण इथे इलाज ड्रायव्हरच्याच हातात आहे. त्याच सेडानमध्ये गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच आणि ब्रेकिंग १.१ जी (गुरुत्वाकर्षणाच्या १.१ पट) धरलं, तर रिकाम्या टाकीने पुढच्या चाकांवर ८० टक्के भार येतो, भरलेल्या टाकीने ७६. म्हणजे रिकाम्यासाठी लावलेला ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी) भरलेल्या टाकीला पुढे जास्त पडतो, पुढची चाकं आधी लॉक होतात, आणि ड्रायव्हर ‘वळणात शिरताना ढकलते’ असं सांगतो. उलट, सुरुवातीला बायस मागे घेतला आणि नंतर पुढे आणायला विसरला, तर शर्यतीच्या शेवटी मागची चाकं लॉक होणार. बायसचा नॉब असेल तर किती फेऱ्यांनी किती टिचक्या पुढे, हे डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा.

टायरला टाकीची शिक्षा देऊ नका

इंधन जळत असतं तेव्हाच टायर झिजत असतात. दोन्ही बदल बरोबरच होत जातात, म्हणून शर्यतीच्या डेटात ते एकमेकांत मिसळून जातात. फॉर्म्युला वनमध्ये १० किलो इंधन सर्वसाधारण ट्रॅकवर फेरीला सुमारे ०.३ सेकंद खातं असं ढोबळमानाने धरतात. तरी शर्यतीत वेळ त्या हिशेबाने सुधारत नाही, कारण मधला फायदा टायर गिळतात.

वेगळं काढायला दोन प्रसंग आयते मिळतात. ज्या शर्यतीत फक्त टायर बदलतात, इंधन भरत नाहीत, तिथे पिटनंतरच्या फेऱ्या ऐका: नव्या टायरने तक्रार गेली तर ती टायरची होती, राहिली तर वजनाची किंवा उंचीची. लांब पल्ल्याच्या शर्यतीत कधी कधी उलट होतं, इंधन भरतात पण टायर तेच ठेवून दुसरी पाळी चालवतात. तिथे टाकी भरल्याबरोबर जुनी तक्रार परत आली तर टाकी दोषी.

सरावाच्या दिवशी हे मुद्दाम करता येतं: थोडं इंधन, मग भरलेली टाकी, मग पुन्हा थोडं इंधन. प्रत्येक वेळी मोजक्या फेऱ्या, टायरचा तोच संच, मध्ये दुसरा कसलाही बदल नाही. तिसरी पाळी महत्त्वाची. ती पहिल्यासारखी आली तरच दुसरीतला फरक इंधनाचा. लोक नेमकी हीच पाळी वेळ वाचवायला गाळतात. टायरचा दाब गरम असताना सारखा येतो का तेही बघा; भरलेल्या गाडीत टायर जास्त तापतो, दाब जास्त चढतो, आणि तो चढलेला दाबच कधी कधी सगळ्या तक्रारीचं मूळ निघतो.

ट्रॅकवर जाण्याआधी काट्यावर

माझ्या मते सर्वांत जास्त उत्तरं इथे मिळतात, तीही एकही टायर न झिजवता. गाडी समतल जागेवर चार काट्यांवर ठेवा, ड्रायव्हर किंवा तेवढं वजन सीटवर, टायरचा दाब नेहमीचा, अँटी-रोल बारच्या लिंक सोडलेल्या. रिकाम्या टाकीपासून सुरू करून २० लिटर भरत जा आणि दर टप्प्याला चारही चाकांचं वजन, चारही कोपऱ्यांची उंची, मागचा टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळली आहेत ते) आणि कॅम्बर लिहा. प्रत्येक वेळी गाडी थोडी दाबून-सोडून बसवा, नाहीतर सस्पेन्शनच्या घर्षणाने आकडे खोटे येतात. हे उघड्या हवेत करा, पेट्रोलच्या वाफा खेळण्याच्या नाहीत. पेट्रोल भरायचंच नसेल तर टाकीच्या जागी, टाकीच्याच उंचीवर शिशाच्या लाद्या ठेवल्या तरी चालतं. टाकीत पाणी भरून बघू, असं सुचवणारा एक तरी भेटतोच. त्याला चहा आणायला पाठवा.

आकडे लिटरमध्ये नाही, किलोत लिहा. पेट्रोल तापलं की फुगतं, २० अंशांच्या फरकाने आकारमान सुमारे दोन टक्के बदलतं, गेजवर तर विसंबूच नका. आणि ‘रिकामी टाकी’ म्हणजे कोरडी टाकी धरू नका. शर्यतीनंतर नमुन्यासाठी इंधन उरावं लागतं. २०२१ च्या हंगेरी ग्रां प्रीत सेबास्टियन व्हेटेल दुसरा आला, पण गाडीतून लागणारा एक लिटर नमुना निघाला नाही, ०.३ लिटरच निघाला, आणि तो बाद झाला. तळाशी राहणारं हे इंधन तुमच्या सर्वांत हलक्या वजनाचाच भाग आहे.

तक्त्यात तीन गोष्टी शोधा. उंचीसोबत मागचा टो बदलत असेल तर ते स्वतंत्र दुखणं आहे, आणि भरलेल्या टाकीने टो-आउट (तोंडं बाहेरच्या बाजूला) होत असेल तर फार वाईट दुखणं आहे. लिंकची उंची सुधारल्याशिवाय पुढे जाऊ नका. कर्णावरच्या दोन चाकांच्या बेरजेचं प्रमाण भरताना सरकत असेल तर टाकी मधोमध नाही; मग तक्रार फक्त डाव्या किंवा फक्त उजव्या वळणांत येत असते, आणि कॉर्नर वेट अर्ध्या टाकीवर जुळवणं हाच समजूतदार मार्ग. ओव्हल ट्रॅकवरच्या इंडीकारमध्ये ड्रायव्हरला बसल्या जागी हे प्रमाण बदलायला वेट जॅकर दिलेला असतो, त्यावरून हा मुद्दा किती खरा आहे ते कळावं. तिसरी गोष्ट म्हणजे रबरपर्यंतचं उरलेलं अंतर.

मग सेटअप कोणत्या टाकीसाठी?

सगळीकडे ‘अर्धी टाकी’ असं उत्तर मिळतं. कॉर्नर वेटसाठी ते बरोबर आहे. उंची आणि रबर मात्र मी भरलेल्या टाकीला धरूनच ठरवतो, कारण तिथे चूक झाली तर गाडी तळाला लागते किंवा झटक्याने सुटते, आणि पहिल्या फेऱ्यांत एकदा भाजलेला मागचा टायर शर्यतभर बरा होत नाही. शेवटी थोडी चंचल झालेली हलकी गाडी चांगला ड्रायव्हर सांभाळतो. सुरुवातीची जड आणि चंचल गाडी कोणीच सांभाळत नाही. बॅलन्स असा हवा: भरलेली असताना किंचित अंडरस्टिअर, अर्ध्यावर तटस्थ. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचे टायर लवकर झिजत असतील तर सुरुवातीला आणखी थोडं अंडरस्टिअर पोटात घाला.

बदलांचा क्रमही सांगतो. आधी रबरचं अंतर. मग स्थिर उंची, म्हणजे भरलेल्या टाकीने मागची बाजू जितकी बसते त्याच्या साधारण निम्मं वर घेणं. मग अँटी-रोल बार, आणि तो कॉकपिटमधून फिरत असेल तर सुरुवातीला मागे सैल, नंतर कडक. मागच्या डॅम्परला रिबाउंडच्या (परत लांबतानाच्या विरोधाच्या) एक-दोन टिचक्या जास्त लागतील, कारण जड झालेली बाजू कर्बनंतर जास्त झुलते. स्प्रिंग सर्वांत शेवटी. कडक स्प्रिंगने बसणं कमी होतं हे खरं, पण रिकाम्या टाकीने तीच स्प्रिंग मागची पकड खाते, आणि आपण तक्रार शर्यतीच्या सुरुवातीकडून शेवटाकडे ढकललेली असते.

एवढं करूनही काट्यावरचे आकडे साधे असतील, सरावात भरलेल्या टाकीने एकटी धावणारी गाडी शहाण्यासारखी वागत असेल, आणि शर्यतीच्या पहिल्या फेऱ्यांत मात्र रडत असेल, तर टाकीला सोडून द्या. पहिल्या फेऱ्यांत टाकी भरलेली असते तसेच टायर थंड असतात, ब्रेक थंड असतात, आणि समोर दुसऱ्या गाड्यांनी घुसळलेली हवा असते. पुढची विंग त्या हवेत अर्धमेली होते आणि वेगवान वळणात नाक बाहेर जातं, अगदी रेक कमी झाल्यासारखंच. डेटामध्ये बघा: मोकळ्या फेरीत आणि कोणाच्या तरी मागे असलेल्या फेरीत, त्याच वळणात, त्याच वेगाला स्टिअरिंगचा कोन किती वेगळा आहे. फरक तिथे सापडला तर सेटअपचे पाने खाली ठेवा आणि सुरुवातीच्या फेऱ्यांत समोरच्या गाडीच्या थेट मागे न राहता अर्धी गाडी बाजूला राहून वळणात शिरायचं, एवढंच ड्रायव्हरशी बोलून घ्या.